चालकाने दारू आणली, गाडी माझी जप्त झाली, आता काय?

कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका वाचकाचं पत्र आहे. नाव-गाव अर्थातच गाळलं आहे. त्यांच्याकडे कर्जावर घेतलेली एक पिकअप आहे आणि अजून २२ हप्ते बाकी आहेत. चालक तीन वर्षांपासूनचा. आठवड्यातून दोनदा भाजी घेऊन गोव्याला जायचं आणि रिकामे क्रेट घेऊन परतायचं, हा धंदा. सात आठवड्यांपूर्वी आंबोली घाट चढून आल्यावर राज्य उत्पादन शुल्क विभागाच्या पथकाने गाडी तपासली. क्रेटच्या रांगांमागे गोवा बनावटीच्या दारूचे ३१ बॉक्स निघाले. चालकाला अटक झाली, तो आता जामिनावर बाहेर आहे. गाडी कार्यालयाच्या आवारात उभी आहे. मालकाचा एकदा जबाब झाला, आरोपी म्हणून नाव मात्र नाही. ते लिहितात : ‘मला यातलं काहीच माहीत नव्हतं. एकजण म्हणतो, केसचा निकाल लागेपर्यंत गाडी विसरा. दुसरा म्हणतो, थोडे पैसे खर्च करा, आठवड्यात दारात आणून देतो. मेहुण्यांचं म्हणणं, चालकाने न विचारता गाडी नेली अशी चोरीची तक्रार देऊन मोकळे व्हा. गाडीच नाही तर हप्ते तरी कशाला भरायचे, असंही मनात येतं. मी काय करू?’

तुमचं पत्र वाचताना एक गोष्ट सारखी जाणवत होती. तुम्ही ‘गाडी गेली’ असं धरून चालला आहात. गाडी अजून गेलेली नाही. जप्त होणं वेगळं आणि सरकारजमा होणं वेगळं. जप्ती म्हणजे पुरावा म्हणून गाडी ताब्यात घेणं. ती जागेवर होते आणि त्यासाठी तुमचं म्हणणं कोणी विचारत नाही. गाडी सरकारजमा करायची तर मात्र कायद्याने तुम्हाला ऐकून घ्यावं लागतं. या दोन्हींच्या मधल्या काळात गाडी तात्पुरती तुमच्या ताब्यात मिळू शकते. तुमची आजची लढाई या मधल्या ताब्याची आहे. सरकारजमेची लढाई पुढे आहे, पण तिची तयारीही आजच करायची आहे, कारण तिचे पुरावे आजच हातात आहेत.

आधी तिन्ही सल्ल्यांचं बघू.

‘निकालापर्यंत गाडी विसरा’ हे तुमच्या प्रकरणात खरं नाही. सर्वोच्च न्यायालयाने सुंदरभाई अंबालाल देसाई विरुद्ध गुजरात राज्य या प्रकरणात २००२ मध्येच सांगून ठेवलं आहे, की जप्त वाहनं पोलीस ठाण्याच्या आवारात दीर्घकाळ सडू देऊ नयेत. योग्य बंधपत्र (अट मोडली तर ठरलेली रक्कम भरण्याचं लेखी वचन), हमी आणि फोटो घेऊन ती लवकर सोडावीत. शेजारच्या गुजरातमध्ये दारूबंदी कायद्यात दुरुस्ती करून ठरावीक प्रमाणापेक्षा जास्त दारू सापडलेली गाडी निकालापर्यंत जामिनावर सोडायला बंदी घातलेली आहे. तिकडच्या गाड्यांच्या गोष्टी ऐकून आपल्याकडचे चालक-मालक घाबरतात. महाराष्ट्राच्या कायद्यात तसा अडसर नाही.

‘पैसे देऊन आठवड्यात आणतो’ म्हणणाऱ्याला एवढंच विचारा, की कोणत्या आदेशावर आणणार? जप्तीचा अहवाल न्यायालयात गेल्यावर गाडी सोडायला आदेश लागतो, तो नसेल तर मुद्देमालातली गाडी कोणीही बाहेर काढू शकत नाही. अशा मध्यस्थाकडे दिलेल्या पैशाची पावती नसते आणि भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यातल्या २०१८ च्या दुरुस्तीनंतर लाच देणाराही गुन्हेगार ठरतो. कोणी खरंच मागणी केली तर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा १०६४ हा क्रमांक आहे.

चोरीच्या तक्रारीबद्दल मात्र कळकळीने सांगतो, हे करू नका. चालक तीन वर्षं तुमच्याकडे आहे, त्या दिवशी तुमचं त्याच्याशी बोलणं झालं असणार, भाजीची खेप तुम्हीच ठरवलेली आणि तुमचा जबाबही आधीच नोंदलेला. फोनचे तपशील मागवले की जप्तीनंतर दिलेली तक्रार एका दिवसात उघडी पडेल. मग खोटी माहिती दिल्याचा आणि खोटा आरोप केल्याचा वेगळा गुन्हा तुमच्यावर येईल. त्याहून मोठं नुकसान असं, की आज तुमच्या बाजूला असलेली एकमेव भक्कम गोष्ट, म्हणजे तुमचा खरेपणा, तुम्ही स्वतःच्या हाताने घालवून बसाल.

आता जे करायचं त्याकडे वळू.

ज्या न्यायदंडाधिकारी न्यायालयाच्या हद्दीत गुन्हा नोंद आहे, तिथे मुद्देमाल परत मिळण्यासाठी अर्ज करायचा. १ जुलै २०२४ पासून फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली. म्हणून पूर्वीच्या ४५१ आणि ४५७ या कलमांऐवजी अर्ज आता ४९७ आणि ५०३ या कलमांखाली जातो. दोषारोपपत्र अजून दाखल नसेल तर ५०३ चा उल्लेख असायलाच हवा. बरेच वकील दोन्ही कलमं लिहितात, ते बरं. नव्या संहितेत एक गोष्ट मालकांच्या फायद्याची आहे : मालमत्ता न्यायालयापुढे आल्यापासून १४ दिवसांत तिचं वर्णन तयार करायचं, फोटो किंवा चित्रीकरण करायचं आणि त्यानंतर ३० दिवसांत तिचं काय करायचं याचा आदेश द्यायचा. हेच फोटो आणि वर्णन पुढे पुरावा म्हणून चालतात. त्यामुळे ‘गाडी पुराव्यासाठी लागणार आहे’ या हरकतीत पूर्वीइतका जोर राहत नाही. वकिलांना हा मुद्दा अर्जात लिहायला सांगा, नुसता तोंडी मांडू नका.

अर्जासोबत लागतं ते असं : आरसी, विमा, परमिट, फिटनेस, पीयूसी, तुमचं ओळखपत्र, गुन्ह्याची आणि जप्ती पंचनाम्याची प्रत, कर्जाचा खातेउतारा आणि तुमचं प्रतिज्ञापत्र. आरसीवरचे चासी आणि इंजिन क्रमांक पंचनाम्यातल्या क्रमांकांशी एकेक अंक लावून पाहा. पंचनामा रात्री रस्त्यावर बॅटरीच्या उजेडात लिहिलेला असतो, त्यात एखादा अंक चुकतोच. मग सरकारी वकील ‘ही तीच गाडी कशावरून’ असं विचारतात आणि दोन तारखा त्यातच जातात. चूक दिसली तर अर्जातच दाखवून द्या.

अर्ज दाखल झाला की न्यायालय तपास अधिकाऱ्याचं आणि सरकारी वकिलांचं म्हणणं मागवतं. कोर्टाच्या भाषेत त्याला ‘से’ म्हणतात. उशीर बहुतेक वेळा इथेच होतो. अर्जाची प्रत स्वतः कार्यालयात नेऊन द्या, पोच घ्या, तारखेच्या आधी एकदा चौकशी करा. अधिकाऱ्यावर राग धरू नका. तपासात सहकार्य केल्याचं त्याने ‘से’मध्ये लिहिलं तर तुमचं निम्मं काम होतं.

या टप्प्यावर न्यायालय मुख्यतः एवढंच बघतं, की गाडी तुमच्या नावावर आहे का, दुसरा कोणी दावेदार आहे का, तुम्ही आरोपी आहात का, हीच गाडी आधी अशा गुन्ह्यात सापडली होती का, आणि हवी तेव्हा तुम्ही ती हजर कराल का. आदेश झाला की सुपूर्तनामा (गाडी सांभाळण्यासाठी ताब्यात घेतल्याचं लेखी) आणि बंधपत्र लिहून द्यावं लागतं. रक्कम साधारण गाडीच्या किमतीच्या आसपास ठरते आणि इथे एक खाचखळगा आहे. पंचनाम्यात गाडीची किंमत पथकाने अंदाजाने लिहिलेली असते आणि ती पुष्कळदा नव्या गाडीच्या जवळपास जाते. तुमच्या विमा पॉलिसीवर त्या वर्षासाठी ठरलेली विमित किंमत छापलेली असते. ती दाखवून बंधपत्राची रक्कम खाली आणण्याची विनंती करता येते. जामीनदार लागला तर त्याचा सातबारा किंवा घराचा उतारा आणि तहसीलदारांचं ऐपत प्रमाणपत्र आधीच काढून ठेवा. आदेश मिळाल्यावर ऐपतीच्या दाखल्यासाठी पंधरा दिवस खेटे घालणारे मालक पुष्कळ असतात.

अटी ठरलेल्या असतात : गाडी विकायची नाही, रंग-रूप बदलायचं नाही, बोलावल्यावर हजर करायची, पुन्हा अशा कामाला वापरायची नाही. विक्रीची अट गांभीर्याने घ्या. खटला लांबला म्हणून न्यायालयाची परवानगी न घेता गाडी विकली, तर बंधपत्राची रक्कम भरावी लागते. अर्ज फेटाळला गेला तर सत्र न्यायालयात पुनरीक्षण अर्ज करता येतो. त्याची मुदत ९० दिवसांची आहे.

आता तुमच्या पत्रातलं मला सर्वांत महत्त्वाचं वाटलेलं वाक्य : ‘मला यातलं काहीच माहीत नव्हतं.’ हे खरंच असेल असं मी धरतो. पण महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ मध्ये दारू वाहून नेणारं वाहन कलम ९८ खाली सरकारजमा होण्यास पात्र ठरतं, आणि मालकाला वाचवणारी तरतूद कलम ९९ मध्ये आहे. गुन्हा घडू नये म्हणून आपण योग्य ती काळजी घेतली होती, अशी न्यायालयाची खात्री मालकाने पटवली तर वाहन सरकारजमा करता येत नाही. शब्द नीट बघा. कायदा तुम्हाला काय माहीत होतं एवढंच विचारत नाही, तुम्ही काय केलं होतं तेही विचारतो. आणि ते दाखवण्याची जबाबदारी तुमची आहे. चालक कबूल झाला, त्याला शिक्षा झाली किंवा तो सुटला, तरी हा प्रश्न तुमच्यापुढे स्वतंत्रपणे उभा राहतो.

म्हणून या आठवड्यात, वकिलांच्या फीची जुळवाजुळव करण्याच्याही आधी, पुरावे गोळा करा. गाडीला जीपीएस असेल तर त्या कंपनीकडून मागच्या सहा महिन्यांचा मार्ग-तपशील मागवा. जुनी माहिती काही काळाने पुसली जाते, त्यामुळे हे काम थांबणारं नाही. फास्टॅगचा उतारा, डिझेलची बिलं, बाजार समितीच्या भाजीच्या पावत्या, गोव्यातल्या व्यापाऱ्याकडून खात्यात आलेलं भाडं, चालकाला दिलेला पगार, त्याच्याशी झालेले व्हॉट्सअॅप संदेश, सगळं एकत्र करा. संगणकावरून किंवा फोनवरून काढलेल्या नोंदींना भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र लागतं (पूर्वी याला ६५ ब म्हणत). ते प्रमाणपत्र जीपीएस कंपनीकडून आत्ताच घ्या. तीन वर्षांनी साक्षीच्या वेळी ती कंपनी त्याच नावाने असेलच असं नाही.

या नोंदी कधीकधी दुधारी असतात. समजा जीपीएसवर दिसलं, की गाडी त्या दिवशी नेहमीच्या रस्त्यावरून वळून एका जागी पाऊण तास थांबली होती. चालकाने तुमच्या पाठीमागे माल भरल्याचं त्यातून दिसतं. पण सरकारी वकील लगेच विचारतील, ‘हे तुम्हाला फोनवर दिसत होतं, मग तुम्ही फोन का केला नाही?’ आणि मागच्या दोन महिन्यांत तसेच थांबे चार वेळा असतील तर प्रश्न अधिक टोकदार होतो. म्हणून या नोंदी आधी स्वतः बसून वाचा, वकिलांना सगळं दाखवा, अडचणीचंही दाखवा. उत्तर खरं असेल तेच द्यायचं, फक्त त्याची तयारी हवी.

आणि जे नाही ते तयार करू नका. चालकाशी लेखी करार केला नव्हता, म्हणून आता मागच्या तारखेचा करार करण्याचा सल्ला कोणी देईल. मुद्रांक कधी विकला गेला याची नोंद असते, मागची तारीख तिथेच सापडते. लेखी करार नसला तरी तीन वर्षांत एकही तक्रार नाही, प्रत्येक खेपेची वही आहे, परतीचे क्रेट मोजून घेतले जात होते, अशा साध्या रोजच्या गोष्टी सुसंगतपणे दाखवता आल्या तर त्यांनाही वजन असतं. काळजी योग्य होती असं न्यायालयाला पटलं नाही, तरीही कलम ९९ मध्ये वाहन सरकारजमा करण्याऐवजी दंड भरण्याचा पर्याय देण्याची मुभा न्यायालयाला आहे. शेवटच्या युक्तिवादात तो मागायला विसरू नका.

हप्त्यांचं थोडक्यात. ते थांबवू नका. तुमच्या आरसीवर कर्जदात्या कंपनीचा बोजा आहे. हप्ते थकले की तीच कंपनी गाडीवर हक्क सांगत न्यायालयात येऊ शकते, मग एका गाडीला दोन दावेदार होतात आणि तुमचा सोपा अर्ज अवघड होऊन बसतो. उलट कंपनीला आजच लेखी कळवा, काही महिने हप्ता कमी करून मिळेल का विचारा, आणि गाडी तुमच्या ताब्यात द्यायला हरकत नाही असं पत्र घ्या. विमाही चालू ठेवा. आवारात पाणी शिरलं, आग लागली, शेजारच्या गाडीने ठोकलं, काहीही होऊ शकतं. शिवाय विमा संपलेली गाडी सोडवून रस्त्यावर आणता येत नाही.

तपास अधिकाऱ्याने पुन्हा बोलावलं तर जा. नोटीस लेखी घ्या, वकिलांना कळवून जा, पहिल्या जबाबाशी विसंगत काही बोलू नका. आपलं नाव आरोपींत येईल अशी खरी शक्यता दिसली तर अटकपूर्व जामिनाचा विचार वेळेत करा. वकिलांची फी झेपत नसेल तर तालुका किंवा जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करता येतो. महिला आणि अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तींना तिथे उत्पन्नाची अट नसते. गाडी पत्नीच्या नावावर आहे असे मालक पुष्कळ आहेत, त्यांनी हे लक्षात ठेवावं.

तुमच्यासारख्याच अडचणीतल्या इतरांसाठी चार गोष्टी, कारण माल बदलला की कायदा बदलतो.

गाडीत गांजा किंवा दुसरा अंमली पदार्थ सापडला असेल तर काम पुष्कळ कठीण. एनडीपीएस, म्हणजे अंमली पदार्थांच्या कायद्याच्या कलम ६० मध्ये मालकाने फक्त स्वतःचं अज्ञान सिद्ध करून भागत नाही. स्वतः मालक, त्याचा प्रतिनिधी आणि गाडी ज्याच्या ताब्यात होती ती व्यक्ती, अशा तिघांनाही माहिती नव्हती आणि तिघांनीही वाजवी खबरदारी घेतली होती, हे दाखवावं लागतं. म्हणजे चालकानेच पुडके ठेवले असतील तर मालक तिथेच अडतो. कलम ६३ प्रमाणे आरोपी निर्दोष सुटला तरी गाडीचा निर्णय वेगळा होतो. मात्र जप्तीपासून एक महिना व्हायच्या आत आणि हक्क सांगणाऱ्याला ऐकल्याशिवाय ती सरकारजमा करता येत नाही. तरीही तात्पुरता ताबा अशक्य नाही. विश्वजीत डे विरुद्ध आसाम राज्य या प्रकरणात जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की या कायद्यात गाडी तात्पुरती सोडायला बंदी नाही. माल खुद्द मालकाकडे किंवा त्याच्या चालक-क्लीनरकडे सापडला तर ताबा सहसा मिळणार नाही. पण गाडी चोरीला गेलेली होती किंवा माल एखाद्या परक्या प्रवाशाकडे सापडला, तर बंधपत्रावर ती साधारणपणे सोडावी. चालकांना अनोळखी प्रवासी बसवू न देण्याचं हे आणखी एक कारण.

तस्करीचा माल असेल आणि कारवाई सीमाशुल्क विभागाची असेल, तर विभागाचा अधिकारीच नोटीस देऊन निर्णय करतो. सहा महिन्यांत नोटीस आली नाही तर, मुदत वाढवलेली नसल्यास, जप्त माल परत करावा लागतो. भाड्याने चालणाऱ्या वाहनाच्या मालकाला सरकारजमेऐवजी दंडाचा पर्याय द्यावाच लागतो आणि तो दंड तस्करीच्या मालाच्या बाजारभावापेक्षा जास्त असू शकत नाही. तारखा वहीत लिहून ठेवा.

दारूच्या प्रकरणात चालक गाडी टाकून पसार झाला असेल, तर दारूबंदी कायद्याच्या कलम १०० खाली जिल्हाधिकारी किंवा शासनाने अधिकार दिलेला अधिकारी चौकशी करून गाडी सरकारजमा करू शकतो. तिथेही एक महिन्याचा अवकाश आणि सुनावणी बंधनकारक आहे. नोटीस आरसीवरच्या पत्त्यावर जाते. घर बदललं असेल तर स्वतःहून कार्यालयात लेखी हरकत द्या.

आणि गाडी विकून झाली पण नाव बदललं नाही, असे लोक. कायद्याने मालक तोच, ज्याचं नाव नोंदणीत आहे. विकणाऱ्याने १४ दिवसांत फॉर्म २९ देऊन हस्तांतरण कळवायचं असतं. ते राहिलं तर गुन्ह्याची नोटीस जुन्या मालकाच्या दारात येते आणि पैसे मोजलेल्या नव्या मालकाला गाडीचा ताबा मागायला अडचण होते. दोघांचंही नुकसान टाळायचं तर हे काम विक्रीच्याच आठवड्यात करावं.

शेवटी आवारातली गोष्ट. शक्य असेल तर अर्ज करण्याआधी एकदा गाडी बाहेरून बघून या आणि परवानगी मिळाली तर तारखेसह फोटो काढा. दोन महिने उभी गाडी म्हणजे बॅटरी उतरलेली, टायरची हवा गेलेली, हँडब्रेक जाम, उंदरांनी वायरी कुरतडलेल्या असं बहुतेक असतंच. ताबा घ्यायला जाताना मेकॅनिक आणि दुसरी बॅटरी सोबत न्या. स्टेपनी, जॅक, टूलकिट, ताडपत्री, किलोमीटरचा आकडा पंचनाम्याशी ताडून पाहा. काही कमी असेल तर ते ताबा-पावतीवर लिहून घ्या, तोवर सही करू नका.